निकाल नव्हे, तारीख : पेटंट खटल्यांचा ठाण्यावरून जाणारा इतिहास

१/
१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून सुटलेली गाडी सुमारे ५७ मिनिटांत ठाण्यास पोहोचली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. शालेय पुस्तकांत ही कथा येथे संपते. वास्तविक एक प्रश्न येथून सुरू व्हायला हवा : वाफेच्या यंत्राला रुळांवर यायला इतकी दशके का लागली? #थ्रेड

२/
उत्तराचा एक भाग लंडनच्या न्यायालयांत आहे. जेम्स वॉटला स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट १७६९ मध्ये मिळाले. १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून त्याची मुदत थेट १८०० पर्यंत वाढवली. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा रॉयल्टी म्हणून घेत.

३/
जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ मध्ये दोन सिलिंडरांच्या संयुक्त यंत्राचे पेटंट घेतले होते. १७९० च्या दशकात बोल्टन आणि वॉट यांनी प्रतिस्पर्ध्यांवर खटले भरले. हॉर्नब्लोअर कुटुंबाविरुद्धचा खटला १७९९ मध्ये वॉटच्या बाजूने लागला. तेव्हा पेटंटचे जेमतेम एक वर्ष उरले होते. निकाल उशिरा आला, परंतु प्रतिस्पर्ध्यांना रोखण्याचे काम त्याआधीच साधले होते.

४/
यातील विनोद असा की, वॉट स्वतःही याच शस्त्राने घायाळ झाला होता. साध्या क्रँकच्या वापरावर जेम्स पिकार्डचे १७८० चे पेटंट होते. ते टाळण्यासाठी वॉटला ‘सूर्य आणि ग्रह’ नावाची गुंतागुंतीची दंतचक्रांची रचना वापरावी लागली. म्हणजे जगातील सर्वांत नामांकित अभियंत्याची बुद्धी काही काळ यंत्र सुधारण्यात नव्हे, तर दुसऱ्याचे पेटंट चुकवण्यात खर्च झाली.

५/
१८०० मध्ये वॉटचे पेटंट संपले. १८०४ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचे उच्च दाबाचे इंजिन वेल्समधील पेनीडॅरन येथे रुळांवर धावले. या विलंबाला पेटंट कितपत जबाबदार आणि तत्कालीन धातुकाम कितपत, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. पण वॉटला उच्च दाबाचे तंत्र मान्य नव्हते आणि त्याच्या हाती खटल्याचे शस्त्र होते, याविषयी वाद नाही.

६/
आता मुद्द्याकडे. ‘अमुक कंपनीने इतकी पेटंटे घेतली, तमुक देश पेटंटांत पहिला, म्हणजेच प्रगती’ हे विधान समाजमाध्यमांवर रोज वाचायला मिळते. त्याला जोडून दुसरे विधान येते : पेटंटचा खटला म्हणजे कल्पनेच्या चोरीविरुद्धची न्याय्य लढाई. दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. कित्येक खटल्यांत वादीला निकाल नको असतो. त्याला तारीख हवी असते.

७/
हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, म्हणजे ठाण्याच्या गाडीनंतर अवघ्या तीन वर्षांनी आलेला. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगचा होता आणि विषय होता पंखा ओढण्याचे यंत्र! पुढे राणीची पूर्वसंमती नसल्याने तो कायदा रद्द होऊन १८५९ मध्ये नवा आला. त्यानंतर १९११ चा कायदा. तो स्वातंत्र्यानंतरही बराच काळ चालू राहिला.

८/
स्वतंत्र भारताने या वारशाची दोनदा तपासणी केली : १९४८ मध्ये नेमलेली बक्षी टेकचंद समिती आणि १९५९ चा न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल. अय्यंगारांचा निष्कर्ष थेट होता. भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात उत्पादनासाठी वापरच होत नव्हता. पेटंट हे येथे उत्पादनाचे साधन नव्हते. दाराला लावलेले कुलूप होते.

९/
कुलूप कसे लागते, याचे उदाहरण मुंबई उच्च न्यायालयात आहे. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीकडे मधुमेहावरील टोल्ब्युटामाइड या औषधाचे पेटंट होते. तिच्या भारतीय कंपनीचा कारखाना मुलुंडला, ठाण्याच्या वेशीवर. परळच्या हाफकिन संस्थेने हेच औषध तयार करण्याची प्रक्रिया विकसित केली आणि युनिकेम ही मुंबईची कंपनी त्या आधारे गोळ्या बनवू लागली. हेक्स्टने युनिकेमवर खटला भरला.

१०/
१९६८ मध्ये निकाल लागला. हेक्स्टचे पेटंट वैध ठरले, युनिकेमने त्याचा भंग केल्याचेही ठरले. १९११ च्या कायद्याच्या चौकटीत निकाल सुसंगत असेलही. पण त्याचा अर्थ काय झाला? सरकारी संशोधन संस्था, देशी कारखाना आणि देशातील मधुमेही रुग्ण एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक पेटंट. भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वाधिक किमतींमध्ये मोडतात, हे अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीने त्याच दशकात नोंदवले होते.

११/
उत्तर संसदेने दिले. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. औषध, अन्न आणि रासायनिक पदार्थ यांच्यावर पेटंट मिळणे बंद झाले. मिळेल ते केवळ प्रक्रियेवर. औषध आणि अन्नाच्या प्रक्रियांची मुदतही १६ वर्षांवरून अर्जापासून ७ किंवा मंजुरीपासून ५ वर्षे, यांपैकी जी कमी असेल तितकी, अशी खाली आली.

१२/
या बदलाचा भूगोल कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्यानंतरच्या दशकांत ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली, अंबरनाथ येथे रंग, रसायने आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे लहानमोठे कारखाने वाढले. प्रदूषण आणि स्फोट हा त्या कारखानदारीचा काळा अध्याय आहेच. पण वेगळी प्रक्रिया शोधून तेच रसायन बनवण्याची मुभा १९७० च्या कायद्याने दिली होती.

१३/
खटला लहान माणसाला कसा गिळतो, यासाठी मिर्झापूरचे उदाहरण पुरेसे आहे. भांडी घासूनपुसून चकचकीत करताना ती लेथवर पकडण्याच्या युक्तीवर एका कंपनीने १९५१ मध्ये पेटंट घेतले आणि गावातीलच दुसऱ्या भांडीवाल्यावर दावा केला. एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले. अखेर डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यात शोध म्हणावे असे काही नाही. तोवर १६ वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती!

१४/
१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधांवर पुन्हा पदार्थाचे पेटंट द्यावे लागले. येथून कथा थेट ठाण्यात येते. जर्मन बायर समूहाचे भारतातील मुख्य कार्यालय ठाणे पश्चिमेच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये आहे. कोलशेत रस्त्यावरचा तिचा कारखाना जुन्या ठाणेकरांच्या स्मरणात आहे. याच समूहाकडे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिबचे भारतीय पेटंट मार्च २००८ मध्ये आले.

१५/
बायरचा पहिला दावा प्रतिस्पर्धी सिप्लावर पेटंटभंगाचा नव्हता. मागणी अशी होती : पेटंट चालू असेपर्यंत सरकारच्या औषध नियंत्रकाने सिप्लाला परवानाच देऊ नये. म्हणजे खासगी हक्काची राखण करण्याचे काम सरकारी खात्याने विनामूल्य करावे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००९ मध्ये हे फेटाळले, फेब्रुवारी २०१० मध्ये खंडपीठानेही फेटाळले. औषध सुरक्षित आहे का, हे पाहणे नियंत्रकाचे काम; पेटंट वैध आहे का, हे पाहणे नव्हे.

१६/
दरम्यान रुग्णाचा हिशेब काय होता? बायरच्या औषधाचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध सुमारे ८,८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवून सक्तीचा परवाना मागितला. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी तो मंजूर केला. बायरचे औषध गरजूंपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचत होते.

१७/
या प्रकरणातील बायरचा एक युक्तिवाद विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘औषध बाजारात पुरेसे उपलब्ध आहे, कारण सिप्लाही ते विकते’ असे कंपनी नियंत्रकासमोर सांगत होती. आणि दुसऱ्या न्यायालयात त्याच विक्रीबद्दल सिप्लावर पेटंटभंगाचा दावा चालवत होती! एका दारात चोर, दुसऱ्या दारात साक्षीदार. नियंत्रकांनी ही दुटप्पी भूमिका मान्य केली नाही.

१८/
बायर अपिलात गेली. अपील मंडळाने २०१३ मध्ये परवाना कायम ठेवला, रॉयल्टी ६ वरून ७ टक्के केली. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. बायरचा पराभव झाला, हे खरे. पण ज्या रुग्णाकडे आयुष्याचे काही महिनेच असतात, त्याच्यासाठी अडीच-पावणेतीन वर्षांच्या अपिलांचा अर्थ काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९/
‘परकीय कंपन्या तशाच असतात’ असे म्हणून येथे थांबता आले असते. तसे थांबणे सोयीचे आहे आणि चुकीचे आहे. कारण पुढचे उदाहरण आकुर्डीचे आहे. बजाजची पल्सर २००१ मध्ये आली, २००३ मध्ये तिच्यात दोन स्पार्क प्लगचे डीटीएस-आय तंत्र आले. डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर त्या पिढीने याच गाडीची स्वप्ने पाहिली. त्यामुळे ‘आपल्या बजाजचे तंत्र चेन्नईकरांनी चोरले’ ही कथा मराठी मनाला सहज पटते.

२०/
वस्तुस्थिती जरा निराळी आहे. लहान सिलिंडरच्या इंजिनात दोन प्लग बसवण्याच्या सुधारणेसाठी बजाजने जुलै २००२ मध्ये अर्ज केला, २००५ मध्ये पेटंट मिळाले. ऑगस्ट २००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग होते, पण झडपा दोनऐवजी तीन. शिवाय होंडाचे जुने अमेरिकी पेटंट दाखवून ‘यात नवे काय?’ असाही टीव्हीएसचा प्रश्न होता.

२१/
साधुत्वाचा मक्ता कोणत्याच बाजूकडे नव्हता. टीव्हीएसनेही मुंबईत बदनामीचा आणि मद्रास उच्च न्यायालयात ‘निराधार धमकी’चा दावा केला, बजाजने पेटंटभंगाचा. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायाधीशांनी फ्लेमला अंतरिम मनाई केली. मग टीव्हीएसने एका प्लगची फ्लेम बाजारात आणली. मे २००९ मध्ये खंडपीठाने मनाई उठवली. मिर्झापूरच्या भांड्यांचा खेळ पुन्हा तसाच.

२२/
प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ सप्टेंबर २००९ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. अशोककुमार गांगुली यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले : बौद्धिक संपदेचे खटले वर्षानुवर्षे अंतरिम आदेशांवरच लढले जातात, मूळ प्रश्नाचा निकाल लागतच नाही. टीव्हीएसने गाडी विकावी, विक्रीचा हिशेब ठेवावा आणि मद्रास उच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत दावा निकालात काढावा, असा आदेश झाला.

२३/
मग दावा निकालात निघाला का? ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, दोन्ही कंपन्यांनी तडजोड करून एकमेकींवरील सर्व दावे मागे घेतले. ते पेटंट वैध होते का? तीन झडपांच्या इंजिनाने त्याचा भंग होत होता का? या दोन प्रश्नांचे अंतिम उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिले नाही. त्या बारा वर्षांत गाड्यांच्या पिढ्या बदलल्या, १२५ सीसीचा बाजार बदलला. कंपनीला हवे ते मिळाले होते : वेळ.

२४/
पहिला आक्षेप : ‘पेटंट नसेल तर संशोधनावर पैसा कोण लावेल?’ आक्षेप रास्त आहे आणि पेटंट रद्द करा, असे येथे कोणी म्हणत नाही. पण पेटंट एकट्या संशोधकाची ढाल असते, ही कल्पना तपासावी. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी मुद्रणातील खिळे ओतण्याचे यंत्र घडवले, लंडन आणि अमेरिकेत पेटंटे मिळवली. त्यांच्याकडे पेटंटे होती. भांडवलासाठी मात्र ते आयुष्यभर झगडले. ज्याच्याकडे खटला चालवण्याचा पैसा नाही, त्याची ढाल कागदाची.

२५/
दुसरा आक्षेप : ‘विलंब न्यायालयांचा, कंपनीचा काय दोष?’ विलंब सर्वांना ठाऊक आहे, म्हणूनच तो डावपेचात मोजला जातो. मोठी कंपनी नोटीस पाठवते तेव्हा तिला निकालाची खात्री लागत नाही. समोरच्याचा बँकवाला बिचकावा, वितरकाने मागणी थांबवावी, दिवाळीचा हंगाम निघून जावा, एवढे पुरते. टीव्हीएसजवळ वकिलांची फौज होती, म्हणून ती बारा वर्षे टिकली. वागळे इस्टेटच्या गाळ्यातील किंवा डोंबिवली फेज दोनमधील वीस कामगारांचा कारखानदार पहिल्या नोटिशीलाच माल बनवणे बंद करील. आणि अशा माघारीची नोंद कोणत्याही निकालपत्रात राहत नाही.

२६/
कायदा याबाबत आंधळा नाही. कलम १३(४) सांगते की, पेटंट दिले म्हणजे ते वैध असल्याची हमी दिली, असे नव्हे. कलम २५ पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणालाही हरकत घेऊ देते. कलम १०६ निराधार धमकीविरुद्ध दाद देते. परंतु २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाले आणि पेटंट रद्द करण्याचे अर्ज पुन्हा उच्च न्यायालयांच्या भरलेल्या फलकावर गेले. हत्यारे आहेत; ती उचलण्याची ताकद लहानांकडे नाही.

२७/
म्हणून मागणी साधी आहे. पेटंटची वैधता आधी ठरावी, मनाई नंतर मिळावी. अंतरिम मनाई मागणाऱ्याकडून, पुढे दावा फसल्यास प्रतिस्पर्ध्याचे नुकसान भरून देण्याची ठोस हमी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेली घाई कागदावर न राहता फलकावर दिसावी. आणि पेटंटांची संख्या मोजून अभिमान बाळगणाऱ्यांनी एकदा अय्यंगारांचा प्रश्न विचारावा : यांतील किती वापरात आहेत आणि किती केवळ कुलपे आहेत?

२८/
ठाणे स्थानकात पहिली गाडी आली तेव्हा वॉटचे पेटंट संपून ५३ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. त्या गाडीच्या इंजिनात वॉट होता, हॉर्नब्लोअर होता, ट्रेव्हिथिक होता. न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली माणसे रुळांवर मात्र एकत्र धावत होती. तंत्रज्ञानाचा इतिहास असाच घडतो, एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून. खटला भरणारा त्या खांद्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावतो आणि नंतर येणाऱ्याला म्हणतो, ‘पुढची तारीख घ्या.’

(समाप्त)